सीमाभागातील मराठी शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी व्याकरण: सुरुवात कोठून करावी?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत मी सहावी आणि सातवीला इंग्रजी शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात आणि चाळीस मिनिटांच्या तासातील निम्मा वेळ एका वर्गाला, निम्मा दुसऱ्याला द्यावा लागतो. मुले पहिलीपासून इंग्रजी शिकत आलेली आहेत, धडे वाचतात, फळ्यावरचे स्वच्छ उतरवून घेतात. मात्र स्वतःचे असे एक वाक्य लिहायला सांगितले की त्यांची पेन्सिल थांबते. जी लिहितात त्यांची वाक्ये साधारण अशी असतात: ‘ही इज गो टू स्कूल’, ‘माय फादर आर फार्मर’, ‘मी लाइक मँगो’, ‘डज शी गोज?’ मोडलेल्या खुर्चीबद्दल एका मुलीने ‘शी इज ब्रोकन’ असे लिहिले होते.

आमच्या शाळेत याविषयी दोन मते आहेत. ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की शब्दांच्या आठ जाती आणि काळांचा तक्ता पक्का झाल्याशिवाय पुढे सरकू नये. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना व्याकरण हा शब्दच नको आहे. मुले बोलू लागली की व्याकरण आपोआप येते, असे ते मानतात. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सुरुवात कशापासून करावी, सातवीपर्यंत काय सोडून दिले तरी चालेल, आणि समजावून सांगताना कोणत्या भाषेचा आधार घ्यावा?

येळ्ळूरचे निवृत्त गुरुजी

बाई, प्रश्न योग्य वेळी विचारलात. आमच्या राज्यात २००७-०८ पासून सरकारी शाळांत पहिलीला इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीत येत असे. पाचवीत येणारे मूल तोवर मराठीत वाक्याचे व्याकरण चालवू शकत होते. कर्ता कोणता, कर्म कोणते, क्रियापदाचा काळ कोणता हे त्याला ठाऊक असे आणि त्याच ओळखीच्या चौकटीत आम्ही इंग्रजी बसवत असू. आज चार वर्षे आधी सुरुवात होऊनही ही चौकटच तयार होत नाही. ज्या मुलाला ‘आईने भाकरी केली’ यातला कर्ता सापडत नाही, त्याला इंग्रजी वाक्यातला कसा सापडणार?

म्हणून माझे मत ज्येष्ठांच्या बाजूचे आहे. आधी नाम, सर्वनाम, क्रियापद, मग काळ. क्रियापदांची तीन रूपे रोज मोठ्याने म्हणून घ्यावीत आणि भाषांतर दोन्ही दिशांनी करून घ्यावे. पाठांतराला नाके मुरडण्याची आता पद्धत पडली आहे. पण ‘वेंट’ आणि ‘ब्रॉट’ ही रूपे तर्काने सापडणारी नव्हेत, ती पाठच करावी लागतात.

कडोलीचा वाचक

गुरुजी, गो-वेंट-गॉन मला आजही झोपेतून उठवून विचारले तरी येते. फक्त कोणी इंग्रजीत पत्ता विचारला, की मी स्वतःच गॉन होतो.

वाक्यविचार

धागाकर्त्या बाईंनी दिलेली वाक्ये मोलाची आहेत, कारण त्यांतील जवळजवळ प्रत्येक चूक सकारण आहे. ती कारणे पाहिली तर सुरुवात कोठून करायची याचेही उत्तर मिळेल असे मला वाटते.

‘ही इज गो’ ही चूक ‘आहे म्हणजे इज’ या समीकरणातून येते. ‘तो जात आहे’ यात ‘आहे’ आहे, आणि ‘तो जातो’ यात नाही, हा फरक मुलाच्या कानाला माहीत असतो. परंतु आपण ‘इज’ हा शब्द क्रियापदाच्या आधी बसवण्याचा शिक्का म्हणून शिकवतो आणि मूल तो सर्वत्र मारत सुटते. ‘माय फादर आर फार्मर’ लिहिणारे मूल खरे तर सुसंस्कृत आहे. घरी ते ‘बाबा शेतकरी आहे’ असे कधीच म्हणणार नाही. आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नाही, हे त्याला कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे, आणि ते सांगायला एक मिनिट पुरते. ‘मी लाइक मँगो’ (यातला ‘मी’ इंग्रजी, म्हणजे ‘मला’) मागे ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य आहे, ज्यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालते आणि आवड असलेला माणूस ‘मला’ म्हणून बाजूला उभा असतो.

आता खुर्चीकडे येतो. मराठीत खुर्ची ती, टेबल ते आणि फळा तो. निर्जीव वस्तूंनाही लिंग असल्याने मुलगी ‘शी’ लिहिते. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मुलांच्या कानावर आणखी एक भाषा आहे आणि त्या भाषेत ही अडचण मुळातच नाही. कन्नडमध्ये पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि उरलेले सगळे नपुंसकलिंगी. ‘हुडुग बंद, हुडुगि बंदळु, बस बंतु’ (मुलगा आला, मुलगी आली, बस आली) ही तीन वाक्ये बस स्थानकावर उभे राहिलेल्या कोणत्याही मुलाने ऐकलेली असतात. मराठीत ‘मुलगी आली’ आणि ‘बस आली’ यांत क्रियापद एकच. कन्नडमध्ये ते वेगळे आणि इंग्रजीतही ‘शी’ आणि ‘इट’ वेगळे. अवनु, अवळु, अदु हे ही, शी, इट यांच्याशी थेट जुळतात.

तीच गोष्ट भूतकाळाची. ‘राजूने पोळी खाल्ली, राजूने आंबा खाल्ला’ यांत मराठी क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. कन्नडमध्ये ते खाणाऱ्याप्रमाणे बदलते: राजू तिंद, राणी तिंदळु, मग खाल्ले काहीही असो. इंग्रजीत भूतकाळात ते बदलत नसले, तरी वाक्य खाणाऱ्यापासूनच सुरू होते आणि त्याला ‘ने’ लागत नाही. ‘ने म्हणजे बाय’ असे शिकवलेली मुले ‘बाय राजू’ अशी सुरुवात का करतात, हे यावरून कळेल.

तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की आधार दोन्ही भाषांचा घ्यावा. जिथे मराठी जुळते तिथे मराठीचा आणि जिथे कन्नड जुळते तिथे कन्नडचा. कोल्हापूरच्या शिक्षकाकडे ही दुसरी सोय नाही, आपल्याकडे आहे.

निपाणीची शिक्षिका

वाक्यविचार यांचे विवेचन आवडले, परंतु ते शहरात बसून लिहिलेले वाटते. निपाणीच्या बाजारात वावरणाऱ्या मुलांना ‘बंद, बंदळु, बंतु’ सहज कळेल. जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांतील मुलांच्या कानावर कन्नड पडते ते शाळेतच, आणि तो विषयही त्यांना इंग्रजीइतकाच परका असतो. एका परक्या भाषेच्या खांद्यावर दुसरी परकी भाषा कशी ठेवायची?

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण बोलायला हवी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागात भाषा हा दुखरा विषय आहे. इंग्रजीच्या तासाला शिक्षिका कन्नड वाक्ये देते, असे एखाद्या पालकाच्या कानावर गेले, तर त्याचा अर्थ व्याकरणाच्या सोयीपुरता राहणार नाही. मी स्वतः मराठीतूनच समजावते.

धागाकर्त्या ताईंना माझ्या वर्गातील एक प्रकार सांगते, कारण ‘डज शी गोज’ ही चूक मलाही फार छळत असे. मी पुठ्ठ्याची कार्डे करते. एका मुलीच्या हातात ‘शी’, दुसरीच्या ‘गो’, तिसरीच्या हातात फक्त ‘एस’ हे अक्षर. साध्या वाक्यात ‘एस’ची मुलगी ‘गो’ला चिकटून उभी राहते. गो आणि एस यांच्यामध्ये एक ‘ई’ही लागतो, तो मी ‘एस’च्या कार्डावरच बारीक लिहून ठेवते. प्रश्न करायचा झाला की ‘डू’चे कार्ड घेतलेला मुलगा पुढे येऊन उभा राहतो आणि ‘एस’ धावत जाऊन त्याला चिकटते. ‘एस’ एकच असल्यामुळे ती दोन ठिकाणी उभी राहू शकत नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. नकारालाही हेच कार्ड चालते. यात एका शब्दाचीही व्याख्या सांगावी लागत नाही, आणि सातवीतली मुले पळापळीला नाही म्हणत नाहीत.

अथणीचा मित्र

मी कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मराठी घरची नसली तरी शेजारची आहे, तेव्हा लिहिताना काही चुकले तर सांभाळून घ्यावे. आमची मुले ‘इट’मध्ये चुकत नाहीत, हे वाक्यविचार यांचे निरीक्षण बरोबर आहे. मात्र आमच्याकडे दुसरेच दुखणे आहे. कन्नडमध्ये ‘अवनु शिक्षक’ एवढ्यावर वाक्य पूर्ण होते, ‘आहे’ची गरज नसते. त्यामुळे आमची मुले ‘ही टीचर’, ‘माय नेम राजू’ असे लिहून मोकळी होतात. तुमची मुले ‘इज’ जास्त वापरतात आणि आमची वापरतच नाहीत. दोन्ही वर्ग एकत्र बसवले तर सरासरी बरोबर येईल.

अनेकवचनाचेही तसेच. ‘एरडु पुस्तक’ म्हटले तरी आमचे काम भागते, म्हणून ‘टू बुक’ ही चूक फार. पण तुमच्याकडेही दोन हात, दोन दगड, दोन दात असतातच की, रूप न बदलता.

शहापूरचा पालक

एक विचारतो. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात सहावीला आहे. तो इंग्रजी बरे बोलतो, तरी व्याकरणाच्या पेपरात गुण कमी पडतात, कारण रिकाम्या जागेच्या वर कंसात क्रियापद दिले की तो गोंधळतो. मग व्याकरण नेमके कशासाठी शिकवायचे, बोलण्यासाठी की पेपरासाठी? माझ्या बहिणीची मुलगी मराठी शाळेत आहे, तिला रिकाम्या जागा सगळ्या येतात आणि बोलताना ती तोंड उघडत नाही.

मलप्रभाकाठ

शहापूरचे पालक, आपल्या घरातील ही दोन मुले म्हणजे माझ्या प्रश्नाचेच दोन अर्धे भाग आहेत. निपाणीच्या ताई, कार्डांचा प्रकार उद्याच करून पाहीन. ‘कंसात क्रियापद’ या प्रकाराबद्दल कोणी अधिक लिहील का?

टिळकवाडीचा प्रशिक्षक

लिहितो. रिकाम्या जागा भरणे हे रूप ओळखण्याचे काम आहे, अर्थ सांगण्याचे नव्हे. मूल ‘येस्टरडे’ हा शब्द हेरते आणि क्रियापदाचे दुसरे रूप ठेवते. बाकीचे वाक्य त्याने वाचलेलेही नसते.

यासंदर्भात एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत व्याकरणाचा क्रमवार पाठ्यक्रम बाजूला ठेवून इंग्रजी शिकवले. तो प्रयोग ‘बंगलोर प्रकल्प’ या नावाने जगभर ओळखला जातो. मुलांना नियम न सांगता कामे दिली जात: रेल्वेचे वेळापत्रक पाहून उत्तर काढा, नकाशावरून वाट सांगा. लक्ष अर्थाकडे असताना व्याकरण नकळत घडत जाते, अशी त्यामागची धारणा होती. आपल्याकडे हे करणे कठीण नाही. घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा या स्थानकांचे छोटे वेळापत्रक फळ्यावर लिहा आणि ‘कोणती गाडी खानापूरला आधी पोहोचते?’ असे इंग्रजीत विचारा. ‘लीव्हज’, ‘रीचेस’ ही रूपे प्रत्येक उत्तरात येतात. तासाच्या शेवटी ‘एस’ मुलांच्या तोंडी बसलेला असतो आणि आपण त्याचे नावही काढलेले नसते.

येळ्ळूरचे निवृत्त गुरुजी

प्रशिक्षक महोदय, या प्रयोगाची पुढची हकिगतही सांगावी. १९८५ मध्ये त्याचे जे मूल्यमापन प्रसिद्ध झाले, त्यात कामे करून शिकलेली मुले त्या प्रकारच्या चाचणीत पुढे होती आणि रचना शिकलेली मुले रचनेच्या चाचणीत पुढे होती. म्हणजे जे पेरले ते उगवले. आपल्या मुलांना दहावीला रचनेच्याच चाचणीला बसायचे आहे.

शिवाय अशा तासाला शिक्षकाला सतत सोप्या, शुद्ध इंग्रजीत बोलता यावे लागते आणि मुलाने अनपेक्षित उत्तर दिले की तिथल्या तिथे सावरून घ्यावे लागते. एका खोलीत दोन वर्ग सांभाळणाऱ्या, दुपारी भोजनाचा हिशेब लिहिणाऱ्या शिक्षिकेला हे रोज झेपेल का? नियमाचा एक फायदा असा, की शिक्षक दुसऱ्या वर्गाकडे वळला तरी फळ्यावरचा नियम जागेवर असतो.

टिळकवाडीचा प्रशिक्षक

मूल्यमापनाबद्दल गुरुजी बरोबर आहेत. पण उद्याच्या चाचणीसाठी आजचे मूल मुके राहावे, हे मला मान्य नाही. वेळापत्रकाचा तास आठवड्यातून एकदा घ्यावा एवढेच माझे म्हणणे आहे. उरलेल्या तासांना गुरुजींचा फळा आहेच.

वाक्यविचार

निपाणीच्या बाईंच्या दोन्ही आक्षेपांना उत्तर देणे लागतो. कन्नड परके असलेल्या वाड्यांत माझा उपाय चालणार नाही, हे मान्य. पालकांच्या मनाचा मुद्दा मी हलका मानत नाही; तरीही सातवीतले मूल कन्नड हा विषय शाळेत शिकतेच, त्याची परीक्षाही देते. त्या श्रमातून इंग्रजीला फुकट मदत मिळत असेल, तर ती नाकारण्यात नुकसान मराठी मुलाचेच आहे. शिवाय मी कन्नड वाक्ये शिकवा असे म्हणत नाही. मुलाला आधीच येणाऱ्या तीन वाक्यांकडे बोट दाखवा, एवढेच म्हणतो.

दोन्ही भाषा मदतीला येत नाहीत अशाही जागा आहेत, आणि तास खर्च करायचा तर तिथे करावा. ‘मला भूक लागली आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ ही वाक्ये कन्नडमध्येही ‘ननगे’नेच सुरू होतात. म्हणजे ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ यांची रचना मुलाला पूर्णपणे नवी. प्रश्नाचेही तसेच: मराठीत शेवटी ‘का’ जोडला, कन्नडमध्ये शेवटचा स्वर लांबवला, की प्रश्न झाला. प्रश्नासाठी ‘डू’ नावाचा एक पाहुणा वाक्याच्या दारात आणून उभा करायचा, ही कल्पनाच दोन्हींत नाही. याउलट कर्म-क्रियापदाचा क्रम बदलतो हे मुलांना लवकर कळते, त्यावर फार वेळ घालवू नये.

आणखी एक. ‘ही गोज’मधला ‘एस’ सुटला म्हणून मुलाला फार टोकू नये. रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरात इंग्रजीच बोलणाऱ्या तीन लहान मुलांच्या बोलण्याचा माग घेतला होता. क्रियापदाचा ‘इंग’ त्यांना फार लवकर आला, अनेकवचनाचा ‘एस’ त्यानंतर, आणि क्रियापदाला लागणारा हा ‘एस’ बराच उशिरा. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही जो उशिरा येतो, तो आपल्या मुलांना सहावीच्या पहिल्या सत्रात पक्का यावा, ही अपेक्षा अवास्तव आहे.

अनगोळकर

‘इंग’ लवकर येतो म्हणालात म्हणून लिहितो. आपल्या बेळगावी बोलीत ही रचना आयती आहे. ‘कुठं जाऊलालास?’, ‘जेऊलालोय’ यात क्रिया आत्ता चालू आहे याविषयी शंकाच उरत नाही. पुस्तकी मराठीत ‘मी शाळेत जातो’ हे रोजचेही असू शकते आणि दप्तर उचलतानाचेही. बोलीत ‘जातो’ आणि ‘जाऊलालोय’ असे दोन कप्पे स्वच्छ वेगळे आहेत, एकात ‘आय गो’ टाका आणि दुसऱ्यात ‘आय ॲम गोइंग’. ‘आय ॲम गो’ म्हणणाऱ्या मुलाला मी एवढेच विचारतो, ‘जातोस की जाऊलालास?’ उत्तर तोच देतो.

येळ्ळूरचे निवृत्त गुरुजी

बोली घरात गोड आहे, परंतु वर्गात ती आणली तर मुलाची प्रमाण मराठीही बिघडेल. मराठीच्या पेपरात ‘जाऊलालोय’ लिहिले तर गुण कोण देणार?

अनगोळकर

गुरुजी, मी ते फळ्यावर लिहीत नाही, फक्त तोंडाने विचारतो. आणि येळ्ळूरला आपण स्वतः काय बोलता, हे मला ठाऊक आहे.

येळ्ळूरचे निवृत्त गुरुजी

तोंडाने विचारायला हरकत नाही.

अथणीचा मित्र

आमच्याकडे ‘माडाकत्तीनि’ (करतोय) आहे, त्याचेही काम अगदी हेच. उत्तर कर्नाटकात व्याकरणाचे पुस्तक बोलीतच लिहिले पाहिजे असे दिसते.

उचगावची ताई

मंडळी, ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ याबद्दल कोणीच काही लिहिले नाही. माझी मुले स्वराक्षराआधी ‘ॲन’ हा नियम पाठ करतात आणि मग ‘ॲन युनिफॉर्म’, ‘अ अवर’ असे लिहितात. नियम त्यांनी पाळलेला असतो, तरी उत्तर चूक येते.

वाक्यविचार

ताई, कारण नियम उच्चाराचा आहे आणि मुले स्पेलिंग पाहतात. येथे देवनागरी उपयोगी पडते. पुढचा शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहायला सांगा. तो स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने सुरू झाला तर ‘अ’. ‘युनिफॉर्म’ य ने सुरू होतो, ‘युरोपियन’ही, म्हणून ‘अ’. ‘अवर’ अ ने, ‘ऑनेस्ट’ ऑ ने, म्हणून ‘ॲन’. ‘वन’ हा शब्द व ने सुरू होतो, म्हणून ‘अ वन-रुपी कॉइन’. आणि ‘एम.एल.ए.’ला ‘ॲन’ का लागतो, हे आपल्या भागात मुलांना कधीही उदाहरण देऊन सांगता येते, फलक जागोजागी आहेत.

भूतकाळाच्या ‘ईडी’लाही हीच युक्ती लावता येते. स्पेलिंग एकच, पण उच्चार तीन: ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वाँटेड’. मुले सर्वत्र ‘एड’ लावून ‘वॉकेड’ म्हणतात, तेव्हा एकदा देवनागरीत लिहून दाखवले की फरक डोळ्यांपुढे येतो.

निपाणीची शिक्षिका

पण ही सवय पुस्तकात शिरू देऊ नका. इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीने देवनागरी लिहून ठेवणारी मुले पुढे इंग्रजी अक्षरांकडे बघतच नाहीत, वरची ओळ वाचतात. फळ्यावर लिहावे आणि पुसावे.

कडोलीचा वाचक

आणि ‘द’? तो कोठे लावायचा?

उचगावची ताई

माझ्या वर्गात तो सर्वत्र लागतो. ‘द बेळगाव’, ‘द माय मदर’.

टिळकवाडीचा प्रशिक्षक

सातवीपर्यंत ‘द’चे नियम सांगू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नद्यांना लागतो, गावांना लागत नाही, अशी यादी पाठ करून मुलांना तो कधीच आलेला नाही. एवढे पुरे, की पहिल्यांदा सांगताना ‘अ डॉग’ आणि त्याच कुत्र्याबद्दल पुढे बोलताना ‘द डॉग’. चार वाक्यांची छोटी गोष्ट सांगून हे दाखवता येते. उरलेले वाचनातून येईल, किंवा येणार नाही. त्याने अर्थ अडत नाही. ‘माय’च्या आधी तो लागत नाही, एवढे मात्र सांगून टाकावे.

सदाशिवनगरातील हायस्कूल शिक्षक

धागा उशिरा पाहिला. मी आठवीला इंग्रजी शिकवतो. आसपासच्या निरनिराळ्या प्राथमिक शाळांतून मुले आमच्याकडे येतात, तेव्हा बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे काय सोडून द्यावे याचे, उत्तर आमच्या बाजूने देतो.

कर्मणी प्रयोग सोडून द्या. अप्रत्यक्ष कथन सोडून द्या. बारा काळांचा तक्ता तर कृपा करून सोडून द्या. ‘आय शॅल हॅव बीन गोइंग’ म्हणून दाखवणारी मुले येतात आणि काल सुट्टी का घेतली हे त्यांना लिहिता येत नाही. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत आणि ‘विल’ एवढे चार पुरे आहेत. पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात याहून अधिक असेल तर ते करून घ्यावेच लागेल, पण त्यावर भर नको. मला आठवीत असे मूल हवे आहे, जे स्वतःबद्दल आणि घराबद्दल आठ-दहा वाक्ये न बघता लिहील, त्यात ‘इज’ आणि मुख्य क्रियापद यांची गल्लत करणार नाही, आणि मला एखादा प्रश्न इंग्रजीत विचारू शकेल. प्रश्न विचारणे सर्वांत दुर्मिळ आहे. आपल्या वर्गात प्रश्न नेहमी शिक्षक विचारतो, मुलाला ‘डू यू’ म्हणायची वेळच येत नाही, मग ते येणार कोठून?

शब्दांच्या जातींची नावे यावीत, गुरुजींशी मी सहमत आहे. नाम, सर्वनाम, क्रियापद हे शब्द मराठी आणि कन्नड दोन्ही तासांना कानावर पडतात, त्यामुळे त्यांना वेगळा वेळ लागत नाही. व्याख्या मात्र नकोत.

मलप्रभाकाठ

सर, आपल्या उत्तराने माझे बरेचसे ओझे उतरले. मी असे ठरवते आहे. सहावीला पहिल्या सत्रात ‘इज’ असलेली वाक्ये आणि ‘इज’ नसलेली वाक्ये ही दोन कुळे वेगळी ठेवून शिकवायची आणि ती पक्की होईपर्यंत तिसरे काही आणायचे नाही. चालू काळ ‘जाऊलालास’ने. ‘आय हॅव’, ‘आय लाइक’, ‘आय ॲम हंग्री’ ही ‘मला’ची वाक्ये नियम न सांगता तोंडी, रोज. सातवीला कार्डे आणि प्रश्न, आठवड्यातून एक तास वेळापत्रकाचा. सहावीची मुले ऐकत बसली तरी हरकत नाही. गुरुजींची तीन रूपे परिपाठानंतर म्हणून घेईन, पण रूपाबरोबर एक वाक्यही म्हणायचे, ही अट. कन्नडचा आधार मी ‘इट’पुरता घेईन, कारण माझ्या वर्गातील निम्मी मुले बाजारच्या दिवशी खानापूरला जातात आणि ‘बस बंतु’ त्यांना ठाऊक आहे. उरलेल्यांना मराठीतूनच सांगेन की इंग्रजीत वस्तूला मुलगा-मुलगी नसते.

एक अडचण शिल्लक आहे. मुले आता लिहू लागतील, तर वह्यांत चुकाही भरपूर येतील. सगळ्या लाल शाईने खुणावल्या तर पान रंगते आणि मूल पुढच्या वेळी दोनच वाक्ये लिहिते. न खुणावल्या तर पालक वही घेऊन विचारायला येतात की बाईंनी तपासले की नाही.

येळ्ळूरचे निवृत्त गुरुजी

या बाबतीत माझा अनुभव सांगतो. आठवड्याला चुकांची एकच जात तपासावी. या आठवड्यात फक्त ‘इज’, पुढच्या आठवड्यात फक्त अनेकवचन. वहीच्या वरच्या कोपऱ्यात ‘या वेळी तपासले: इज’ असे मराठीत लिहून सही करावी, म्हणजे पालकाचेही समाधान होते आणि मुलालाही कोठे बघायचे ते कळते. उरलेल्या चुकांकडे त्या आठवड्यात पाहूच नये. सुरुवातीला हात शिवशिवतो.

निपाणीची शिक्षिका

गुरुजी, यात मी एक भर घालते. चूक दुरुस्त करून देऊ नये, त्या ओळीच्या समासात फक्त टिंब द्यावे आणि चूक मुलाला शोधू द्यावी. शेजारी बसलेल्याला विचारायला परवानगी असावी. ताई, कार्डांचे माप वगैरे हवे असेल तर मला निरोप करा, जाड पुठ्ठा वापरा, पातळ कार्ड पळापळीत एका तासात फाटते.